रिंगणातील परके : व्हिक्टोरियाकालीन सर्कस, इतिहास आणि कादंबरी

(१)

ऐतिहासिक कादंबरीचा विचार आपल्याकडे बहुधा राजे, सरदार, लढाया आणि तह यांच्या अनुषंगाने झालेला आहे. कादंबरीकाराने बखरीवर किती विसंबावे आणि अस्सल कागदाशी किती एकनिष्ठ राहावे, हा वाद हरिभाऊ आपट्यांच्या काळापासून चालत आला आहे. समकालीन अस्सल कागदापुढे बखरीची किंमत किती अल्प ठरते, हे इतिहासाचार्य राजवाडे यांनी आपणांस बजावून सांगितले. परंतु ज्यांनी राज्ये केली नाहीत, दफ्तरे ठेविली नाहीत आणि ज्यांच्याविषयीचा बहुतेक पुरावा तिकिटे खपविण्याकरिता छापलेल्या जाहिरातींत साठलेला आहे, अशा माणसांच्या बाबतीत अस्सल कागद कोणता आणि बखर कोणती, हे ठरवावयाचे कसे? जाहिरात समकालीन असते, मुद्रित असते, तिच्यावर तारीखवारही असतो. आणि तरीही अतिशयोक्ती हा तिचा धर्मच असतो.

हा प्रश्न ज्या साहित्यप्रकारात विशेष तीव्रतेने उपस्थित होतो, तो म्हणजे व्हिक्टोरियाकालीन सर्कशीतील परक्या माणसांवर लिहिलेली कादंबरी. अशा कादंबऱ्यांतील सर्कस बहुधा दोहोंपैकी एका रूपात आढळते. एक तर ती समाजाने दूर लोटलेल्यांचे आश्रयस्थान असते, अथवा त्यांच्या देहांचा बाजार मांडणारा पिंजरा असते. प्रस्तुत लेखात एका सर्कसमालकाच्या चरित्राचा पुरावा तपासून ही दोन चित्रे कोठवर टिकतात ते पाहावयाचे आहे. हा मालक म्हणजे पाब्लो फँक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांच्या शहरांत त्याचे नाव सर्वतोमुखी होते, आणि तो कृष्णवर्णीय होता.

(२)

प्रथम या संस्थेचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. आधुनिक सर्कशीचा आरंभ सामान्यतः १७६८ साली झाला असे मानतात. घोडदळातून निवृत्त झालेला सार्जंट-मेजर फिलिप ॲस्टली याने त्या वर्षी लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर वर्तुळाकार रिंगणात घोडेस्वारीचे खेळ दाखविण्यास सुरुवात केली. पुढे रिंगणाचा व्यास ४२ फूट ठरून गेला. त्यामागे अनुभवाचे गणित होते. या मापाच्या वर्तुळात घोडा एका गतीने धावू लागला, की त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वारास आतील बाजूस झुकून तोल सांभाळता येतो. ‘सर्कस’ हे नाव मात्र ॲस्टलीचे नव्हे. १७८२ साली त्याचे प्रतिस्पर्धी चार्ल्स ह्यूज आणि चार्ल्स डिब्डिन यांनी ‘रॉयल सर्कस’ काढली, तेव्हापासून ते रूढ झाले. तात्पर्य, सर्कशीचा मूळ गाभा अश्वविद्या हा होय. दोरावरची कसरत, कोलांट्या आणि विदूषकाच्या लीला या गोष्टी त्या गाभ्याभोवती गोळा झाल्या.

परक्या माणसास या व्यवसायात शिरकाव का मिळाला, याची कारणे व्यवसायाच्या घडणीत आहेत. १७३७ च्या कायद्यान्वये गद्य नाटक करण्याचा अधिकार लंडनमधील मोजक्या सनदी नाट्यगृहांपुरता मर्यादित होता आणि ही मक्तेदारी १८४३ पर्यंत टिकली. ज्यांना शब्द नाकारलेला होता, त्यांनी घोडा, संगीत आणि देह यांची भाषा वाढविली. या भाषेस उच्चार लागत नव्हता, कुलशील लागत नव्हते. शिवाय येथील शिक्षण उमेदवारीच्या पद्धतीने होई. अनाथ अथवा गरीब घरातील मूल काही वर्षांच्या कराराने मालकाच्या स्वाधीन केले जाई आणि कला शिकत शिकतच मालकासाठी राबे. या उमेदवारीत निर्दयतेला किती वाव होता, हे १८७९ च्या कायद्यावरून समजते. चौदा वर्षांखालील मुलांकडून जिवावर बेतणारे खेळ करवून घेण्यास पार्लमेंटला त्या वर्षी बंदी घालावी लागली. म्हणजे दार उघडे होते ही गोष्ट खरी. परंतु त्या दारातून आत आलेल्या मुलाकडून त्याचे मोल वसूल केले जाई, हीही तितकीच खरी.

नाट्यगृहाशी तुलना केली म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. कृष्णवर्णीय अमेरिकन नट आयरा आल्ड्रिज याने १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लोची भूमिका केली. काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर वर्णद्वेषाने गरळ ओकली आणि प्रयोग लवकरच बंद पडले. आल्ड्रिजची खरी कीर्ती पुढे इंग्लंडच्या प्रांतोप्रांती आणि नंतर यूरोप खंडात झाली. १८६७ साली पोलंडमधील वूच येथे दौऱ्यावर असतानाच तो वारला. शेक्सपीअरचा शब्द ही ज्यांना आपली कुलसंपत्ती वाटत होती, त्यांना तो या मुखातून ऐकणे सहन झाले नाही. घोड्याच्या पाठीवर मात्र असा कोणाचा वारसाहक्क नव्हता.

ही संस्था पुढे आपल्याकडेही आली. इटालियन मालक चिआरिनी याची सर्कस १८७९ साली मुंबईस आली आणि पुढील वर्षीच विष्णुपंत छत्रे यांनी आपल्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा खेळ मुंबईत केला. छत्रे हे संस्थानी आश्रयाखाली वाढलेले अश्वविद्येचे जाणकार. दोरावर चालणारे डोंबारी आणि कोल्हाटी गावोगाव होतेच, पण ते गावकुसाबाहेरचे. सर्कशीचा तंबू कोणास उंचावतो आणि कोणास बाहेर ठेवतो, हे प्रत्येक समाजात निराळे असते, एवढाच बोध येथे घेऊन आपण मूळ विषयाकडे वळू.

(३)

पाब्लो फँक याचे मूळ नाव विल्यम डार्बी. नॉरिच शहरातील चर्चच्या नोंदीनुसार त्याचा जन्म मार्च १८१० मधील ठरतो. पित्याचे नाव जॉन डार्बी, मातेचे मेरी. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद केला होता. वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ चा. या दोन वर्षांच्या मधील काळात हा मुलगा इंग्लंडच्या भूमीवर जन्मला, वाढला आणि विल्यम बॅटी या सर्कसमालकाकडे उमेदवार म्हणून राहिला. १८२१ च्या नाताळात नॉरिच येथे ‘यंग डार्बी’ या नावाने त्याने पहिला खेळ केला. अश्वारोहण आणि दोरावरची कसरत या दोन्ही कला त्याने साध्य केल्या. १८४१ साली बॅटीस सोडून अवघ्या दोन घोड्यांनिशी त्याने स्वतःची सर्कस काढली. तेव्हापासून मृत्यूपर्यंतची सुमारे तीस वर्षे हा माणूस मुख्यतः लँकेशर, यॉर्कशर आणि आसपासच्या परगण्यांत फिरत होता. एखाद्या गावी जावयाचे, लाकडी सभागृह उभारावयाचे, काही आठवडे खेळ करावयाचे आणि पुढील गाव गाठावयाचे, असा हा क्रम होता.

त्याच्या सर्कशीचे एक पत्रक आज जगप्रसिद्ध आहे. ते रॉशडेल येथील १४ फेब्रुवारी १८४३ या दिवसाच्या खेळाचे. काइट आणि हेंडर्सन या दोन कलावंतांच्या साहाय्यार्थ तो खेळ होता. झँथस नावाचा घोडा, दोरावरची कसरत, माणसांवरून व घोड्यांवरून मारलेल्या कोलांट्या आणि शेवटी पेटत्या पिंपातून उडी असा बेत त्यात जाहीर केला आहे. मालकाचे नाव शिरोभागी ठसठशीत आहे. मालकाच्या वर्णाविषयी चकार शब्द नाही. हेच पत्रक १९६७ साली जॉन लेनन या गायकास केंट परगण्यातील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाले आणि त्यावरून ‘बीटल्स’ मंडळींचे एक गीत तयार झाले. गीतात रॉशडेलचे बिशप्सगेट झाले, घोड्याचे नाव बदलले. पण फँकचे नाव राहिले. विस्मृतीत गेलेला हा माणूस जगाच्या कानी पुन्हा पडला, तो अशा रीतीने. जाहिरातीतून गीत आणि गीतातून कीर्ती, असा हा प्रवास आहे. बखरीचा जन्म याहून फार वेगळ्या रीतीने होत असेल असे वाटत नाही.

१८४७ च्या मार्चमध्ये फँकने लंडनमध्ये, ॲस्टलीच्या प्रख्यात रंगगृहात, आपली घोडी बीडा हिच्यासह खेळ केला. ते रंगगृह त्या वेळी त्याचा जुना मालक बॅटी याच्याकडेच होते. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या पत्राने त्याच्या अश्वशिक्षणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि तो वर्णाने गौरेतर आहे, हे तेथे नोंदविले. प्रांतिक वृत्तपत्रांत असा उल्लेख क्वचितच येतो. याचा अर्थ कसा लावावयाचा? वर्णाचे कोणास काही वाटत नव्हते असे म्हणावयाचे, की जे प्रत्येकास डोळ्यांनी दिसत होते ते छापण्याची आवश्यकता नव्हती असे म्हणावयाचे? निव्वळ मौनावरून अनुमान काढणे इतिहासकारास शोभत नाही. दोन्ही अर्थ संभवतात एवढेच म्हणता येईल.

नावाच्या बाबतीतही असाच संयम हवा. विल्यम डार्बीचा पाब्लो फँक झाला, तो आपला वर्ण स्पॅनिश वेषाखाली झाकण्याकरिता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु गोऱ्या इंग्रज कसरतपटूंनीही इटालियन, फ्रेंच व स्पॅनिश नावे सर्रास धारण केली होती, हे विसरता येत नाही. सर्कशीत परदेशी नाव हा व्यवसायाचा पोशाख होता. जॉर्ज सँगर या पूर्णतः इंग्रज मालकाने तर स्वतःस ‘लॉर्ड’ ही पदवी बहाल करून घेतली होती. फरक आहे तो इतकाच, की सँगरने पोशाख उतरविला असता तर खाली एक सामान्य इंग्रज दिसला असता. नॉरिचमध्ये जन्मलेला डार्बीही इंग्रजच होता. पण पोशाख उतरविल्यावर त्याला इंग्रज म्हणून कितीजणांनी ओळखले असते, हा प्रश्न उरतो. म्हणजे परकेपणा त्याने बरोबर आणला नव्हता. तो त्याला दिला गेला होता, आणि त्याने त्याचे भांडवल केले.

१८ मार्च १८४८ रोजी लीड्स येथे किंग चार्ल्सेस क्रॉफ्टमधील लाकडी सभागृहात खेळ चालू असता गॅलरी कोसळली. शेकडो प्रेक्षक खाली आले. मृत्यू मात्र एकच झाला. फँकची पत्नी सुझाना तिकिटांच्या जागेजवळ होती. कोसळलेल्या लाकडांखाली ती सापडली. ज्या सभागृहात आपली पत्नी गेली, त्याचे खेळ करीतच पुढील जीवन कंठणे त्याला प्राप्त होते. त्याच वर्षी त्याने एलिझाबेथ कॉर्कर या अश्वारोही कलावतीशी विवाह केला. दोन महिन्यांनी असो वा दोन वर्षांनी, सर्कस थांबली नाही. घोड्यांना रोज वैरण लागते आणि उमेदवार मुलांना भाकरी, ही गोष्ट कादंबरीकार विसरू शकतो; मालक विसरू शकत नाही.

(४)

फँकचा सहकारी विदूषक विल्यम वॉलेट याच्या आत्मवृत्तात (१८७०) एक हकीकत आली आहे. ऑक्सफर्डला मुक्काम असता फँक नदीवर गळ टाकून बसे आणि आसपासच्या पाच-सहा जणांना मिळून मिळणार नाहीत इतके मासे एकटा धरी. मासेमारीचा शौक अधिक आणि कौशल्य कमी असलेल्या तेथील एका गृहस्थास वाटले, की या काळ्या मुखातच काही आकर्षण असले पाहिजे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतःचे तोंड काळे फासून नदीकाठी हजर!

ही हकीकत विनोद म्हणून सांगितली आहे आणि हसे होते ते गोऱ्या गृहस्थाचे. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. विदूषकाचे आत्मवृत्त ही एक बखरच आहे. परंतु बखर घटनेविषयी साक्ष देत नसली, तरी काळाच्या मनोवृत्तीविषयी देते. तोंडास काजळ फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या अमेरिकन मिन्स्ट्रेल मंडळ्या १८४३ पासून इंग्लंडमध्ये येऊ लागल्या होत्या. गोऱ्या माणसास काळा वर्ण हा हवा तेव्हा चढवावयाचा आणि पाण्याने धुऊन टाकावयाचा मुखवटा होता.

याच संदर्भात चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) ही कादंबरी पुन्हा वाचण्यासारखी आहे. धुराने माखलेल्या कोकटाउनमध्ये आकडे आणि वस्तुस्थिती यांवाचून दुसरे काही न मानणारा ग्रॅडग्राइंड एकीकडे, आणि स्लीअरीची सर्कस दुसरीकडे, असा तिचा प्रसिद्ध विरोध आहे. सर्कशीतील अशिक्षित माणसांच्या ठिकाणी जी माया आहे ती शिक्षितांत नाही, हा डिकन्सचा सिद्धान्त. कादंबरीच्या अखेरीस ग्रॅडग्राइंडचा अपराधी मुलगा टॉम हा पोलिसांपासून लपण्यासाठी सर्कशीत आश्रय घेतो. आणि तो सापडतो कोणत्या रूपात? एका विनोदी खेळातील काळ्या नोकराच्या वेषात, तोंडाला काळे फासलेला. ज्या काळात उत्तरेच्या खऱ्याखुऱ्या कोकटाउनांतून एक कृष्णवर्णीय मालक आपली सर्कस फिरवीत होता, त्याच काळात त्या शहरांच्या सर्वांत प्रसिद्ध कादंबरीतील सर्कशीत काळा चेहरा आहे तो केवळ रंगविलेला. डिकन्सला दोष देण्याचा येथे हेतू नाही. परंतु समकालीन थोर कादंबरीत जे दिसत नाही ते त्या काळी नव्हतेच, असे मानण्याची जी सवय आपणांस असते, ती किती घातक आहे हे यावरून ध्यानात यावे.

(५)

अँजेला कार्टर या इंग्रज लेखिकेची ‘नाइट्स ॲट द सर्कस’ (१९८४) ही ऐतिहासिक कादंबरी अशा परक्यांनाच केंद्रस्थानी आणते. काळ १८९९ चा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीच्या सायंकाळचा. नायिका फेव्हर्स ही झोपाळ्यावरील कसरतपटू. आपण अंड्यातून जन्मलो आणि आपल्याला खरे पंख आहेत, असे ती सांगते. तिचे बिंग फोडण्याकरिता आलेला अमेरिकन वार्ताहर वॉल्सर हा तिच्यामागे सर्कशीत शिरतो आणि स्वतःच विदूषक होऊन बसतो. लंडनहून पीटर्सबर्ग आणि तेथून सायबीरिया असा कथेचा प्रवास आहे.

पंखांची स्त्री इतिहासात नाही, हे सांगण्यास इतिहासकार नको. तरीही या कादंबरीत इतिहासाची एक मर्मदृष्टी आहे. फेव्हर्सची सारी मिळकत संशयावर अवलंबून आहे. पंख खरे ठरले तर ती एक विचित्र प्राणी ठरेल, खोटे ठरले तर एक ठक. दोहोंच्या मध्ये जोवर ती लटकते आहे तोवरच ती कलावती आहे. याच कादंबरीत सर्कशीत येण्यापूर्वी ती एका बाईच्या संग्रहालयात राहते, आणि तेथे विलक्षण देहाच्या स्त्रिया केवळ पाहण्यासाठी ठेविलेल्या असतात. हा भेद लेखिकेने कल्पिलेला नव्हे. मेक्सिकोतील जूलिया पास्त्राना ही अंगभर केस असलेली स्त्री १८५७ साली लंडनमध्ये दाखविण्यात आली. ती गात असे, नाचत असे. परंतु लोक तिकीट काढीत ते तिचा चेहरा पाहण्यासाठी. १८६० साली मॉस्को येथे ती मरण पावली, तरी तिचे प्रदर्शन थांबले नाही. मसाला भरलेला तिचा देह तिचा पतीच गावोगाव दाखवीत फिरला. तिला मायदेशाच्या मातीत विसावा मिळण्यास २०१३ साल उजाडावे लागले. कलेचे मोल आणि देहाचे मोल यांतील अंतर म्हणजे फँक आणि पास्त्राना यांच्या चरित्रांतील अंतर होय.

कार्टरच्या सर्कशीत वाघांना नाचविणारी एक स्त्री ‘ॲबिसिनियाची राजकन्या’ म्हणून मिरवते. त्या देशाचे तिने कधी दर्शनही घेतलेले नाही. हे पात्र वाचताना नॉरिचच्या विल्यम डार्बीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. लेखिकेच्या डोळ्यांपुढे तो होता असे सुचवावयाचे नाही. एकाच व्यवसायाच्या एकाच नियमाचे हे दोन आविष्कार आहेत. तो नियम असा, की परक्याने परके असणे पुरत नाही, त्याने परकेपणा सादर करावा लागतो.

(६)

टॉमस हॉर्न या शोमन लोकांच्या धर्मोपदेशकाने १९०५ साली लिहिले, की अश्वारोहकांच्या बंधुत्वात वर्णरेषा नाही, कसोटी आहे ती केवळ कौशल्याची; आणि त्यासाठी त्याने फँकचेच उदाहरण दिले. व्यवसायातील माणसाने फँकच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी केलेले हे विधान आत्मगौरवाचे आहे, म्हणून ते तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. परंतु एक कृष्णवर्णीय उमेदवार मालक झाला, गोरे कलावंत त्याच्या पदरी राहिले आणि तीस वर्षे गिरणी कामगारांनी त्याच्या खेळांची तिकिटे काढली, हे पुराव्याने सिद्ध आहे. म्हणून ते विधान खोटेही म्हणता येत नाही. सर्कस हे आश्रयस्थान नव्हते आणि पिंजराही नव्हता. ती बाजारपेठ होती. रिंगणाच्या आत कौशल्याचा भाव रोख मिळे. त्या बदल्यात मूळ नाव, मूळ गाव आणि खरे वय ही सारी दाराशी ठेवावी लागत.

वयाची गोष्ट अलंकारिक नव्हे. ४ मे १८७१ रोजी स्टॉकपोर्ट येथील एका खानावळीच्या इमारतीत फँक मरण पावला. त्याचे शव लीड्सला आणण्यात आले. पुढे शोकसंगीत वाजविणारा बँड, मागे काळे वस्त्र पांघरलेला त्याचा आवडता घोडा, अशी अंत्ययात्रा निघाली आणि सुझानाच्या शेजारी त्याला पुरण्यात आले. ते स्मशान आज लीड्स विद्यापीठाच्या आवारात आहे. थडग्याच्या शिलेवर मृत्यूसमयीचे वय पंचाहत्तर कोरले आहे. चर्चची नोंद प्रमाण मानली तर ते एकसष्ट असावयास हवे. शिलालेख म्हणजे अस्सल पुराव्यातील अग्रगण्य पुरावा, असे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. येथे शिलेनेच बखरीचे काम केले आहे.

अशा माणसाचे चरित्र लिहिताना इतिहासकारास नोंदवही, पत्रक, वृत्तपत्र आणि शिला यांपुढे जाता येत नाही. दोन घोडे घेऊन बॅटीच्या दारातून बाहेर पडताना डार्बीच्या मनात काय होते, हे सांगणारा कागद नाही. ते स्थान कादंबरीचे आहे, आणि तिने ते निःशंकपणे घ्यावे. मात्र तिने परक्याला केवळ दयेचा विषय करू नये. पाब्लो फँकने दया मागितली नव्हती. त्याने तिकीट लावले होते. तसेच इतिहासकारानेही कागद नाही म्हणून माणूस नव्हता असे म्हणू नये. लीड्सच्या त्या शिलेवर वय चुकले असले, तरी एक गोष्ट बरोबर कोरली गेली आहे : विल्यम डार्बी आणि पाब्लो फँक ही दोन्ही नावे तेथे शेजारी शेजारी आहेत.